डोळ्याभोवतीचे केस

शिंगराच्या डाव्या डोळ्याखाली चार-पाच पांढरे केस मथुराला पहिल्यांदा दिसले ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी, खरारा करताना. अगराच्या तळ्यावरून धुकं पागेच्या दारापर्यंत आलं होतं. आधी तिला वाटलं, चुलीची राख उडून बसली असेल. तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं करून पुसलं. राख असती तर निघाली असती. मग तिनं शिंगराची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. उजव्या डोळ्याखालीही होते. काळपट तांबड्या अंगावर ते केस शिवणीतून सुटलेल्या दोऱ्यासारखे दिसत होते.

"काय बघतीस गं एवढं?" बाहेरून सासऱ्यांनी विचारलं.

"गोचीड वाटली, मामंजी. न्हाई काय."

रघुजी बाहेर खाटेवर बसून लगामाच्या चामड्याला तेल चोळत होते. त्यांना लांबचं आता नीट दिसत नव्हतं, पण घोड्याच्या अंगावर हात फिरवला की सगळं कळतं असं ते म्हणत. मथुरानं शिंगराचं तोंड परत अंधाराकडे वळवलं आणि खरारा पाठीवर जोरात चालवला.

शिंगरू तरी कसलं, अडीच वर्षांची चांगली उंच घोडी होती ती. तिला शिंगरू म्हणत, कारण तिला नाव नव्हतं. या घराची रीतच तशी होती. पांढरी घोडी जन्मताना पांढरी नसते. काळी, तांबडी, कशीही जन्मते. दर हिवाळ्यानंतर जुने केस झडतात आणि नव्या केसांत पांढरं थोडं वाढत जातं. असं करता करता सहा-सात वर्षांत ती दुधासारखी होते. होणारी असली तर. म्हणून पांढऱ्याची खूण दिसेपर्यंत घरात कुणी नाव ठेवत नसे. खूण दिसली की येणाऱ्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, घरातल्या सुनेनं घोडीच्या कानात नाव सांगायचं. नाव एकच, चंद्री. एक चंद्री थकली की तिच्या पोटची दुसरी चंद्री व्हायची. ज्यांच्यात खूण दिसली नाही त्या बिननावाच्याच गेल्या. आताच्या म्हाताऱ्या चंद्रीच्या कानात नाव सांगितलं होतं ते मथुराच्या सासूनं, कमलाबाईनं. ती वारून चार वर्षं झाली होती.

घरचा धंदा लग्नाला घोडी देण्याचा. चिकपेटेतले मारवाडी, शिवाजीनगरातले मुसलमान, या कानडी शहरातली जुनी मराठा घरं. नवरदेव कुणीही असो, घोडी पांढरीच लागते. गेल्या वैशाखात चिकपेटेच्या चढावर चंद्रीचे पुढचे गुडघे वाकले. नवरदेव पडला नाही, त्याचा फेटा तेवढा पडला. बँडवाले वाजवत राहिले. पण तेव्हापासून बोलावणी कमी झाली. मथुराच्या नवऱ्यानं, सूर्यकांतनं, श्रावणात एकदा जेवताना विषय काढला.

"आप्पा, आता बस करूया. हिचा भाऊ बिंदूअण्णा म्हणतोय, जयनगरला या. दुकानामागची खोली देतोय. मथुराला शिलाई हाय, मला दिवसाच्या भाड्यानं ऑटो मिळतोय."

रघुजींनी भाकरीचा तुकडा ताकात बुडवला आणि तो मऊ होऊ दिला.

"हा हिवाळा जाऊ दे," ते म्हणाले. "शिंगराचे केस झडू देत. युगादीला उन्हात उभं करून बघू. पांढऱ्याची खूण असंल तर तिला नाव ठेवू, धंदा चालू ठेवू. खूण नसंल तर घोड्यांच्या शाळेवाल्या त्रिविक्रमप्पाला देऊन टाकू. मग मी पण येतो तुमच्याबरोबर. अडवणार न्हाई."

म्हाताऱ्यानं दिलेला शब्द मागे घेतल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. त्या रात्री मथुरानं मुलीला, भव्याला, जवळ घेऊन विचारलं, जयनगरच्या शाळेत जाशील का. सात वर्षांच्या भव्यानं विचारलं, "तिथं लीद उचलायची असती?" मथुरा म्हणाली, "न्हाई गं बाई."

आणि आता हे केस.

*

चंद्रीला धुवायचा दिवस आठवड्याला एकदा यायचा, लग्न असेल तर त्याच्या आदल्या दिवशीही. म्हाताऱ्या पांढऱ्या घोडीचं अंग रात्री मुतात बसून पिवळं पडतं. साबणानं ते जात नाही. बादलीत नीळ कालवायची, ती मांड्यांवर, पोटाखाली, शेपटीवर ओतायची आणि घासायची. मथुराच्या बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला निळा रंग कायम बसलेला असे. पौषात विहिरीचं पाणी हात बधिर करायचं. चंद्री शहारायची, पण पाय हलवायची नाही. तिला सवय होती.

ओल्या पांढऱ्या केसांखालून घोडीची काळी कातडी दिसे. कपाळावर मात्र एका जागी कातडी गुलाबी होती, पानाच्या आकाराची. मागच्या डाव्या खुराच्या वरही तसंच. कोरड्या अंगावर हे काही कळत नसे.

"बघ," रघुजी काठी टेकत जवळ आले. भव्याला ते रोज काहीतरी शिकवत. "तिथं ती पांढरीच जन्मली होती. बाकी अंग काळं होतं. आता सगळंच पांढरं झालं म्हणून कळत न्हाई. पाणी घातलं की खालचं वर येतं."

"शिंगराला पण कपाळाला पान हाय," भव्या म्हणाली.

"हाय की. आणि मागचा डावा पाय?"

"तो पण पांढरा."

"मग. पान आईचं, पाय आईचा." त्यांनी सुनेकडे बघितलं. "रंगच तेवढा बापाचा कसा असंल?"

बाप होसूरकडच्या एका शेतावरचा रेसमधून काढलेला तांबडा घोडा होता. मथुरानं आजवर त्याला पाहिलं नव्हतं, पण गेली दोन वर्षं मनातल्या मनात ती त्याच्याच बाजूनं होती.

"नाकावर पण पांढरं आलंय तिच्या," ती म्हणाली. "मग ते कुणाचं?"

रघुजी हसले. "ते मोरकीचं. दोर घासून कातडं सोललं होतं, आठवतं न्हाई? सोललेल्या जागी केस पांढरे येतात. दोरीचं पांढरं निराळं आणि रक्ताचं पांढरं निराळं. रक्ताचं आधी डोळ्याभोवती येतं. हिचंच," त्यांनी चंद्रीच्या मानेवर थाप मारली, "पहिल्यांदा डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखं झालं. तुझ्या सासूनं बघितलं आणि मला हाक मारली. अंगावरच्या पांढऱ्यावर कधी भरोसा ठेवायचा न्हाई, थंडीत कसल्याही घोड्याच्या अंगावर चार केस पांढरे निघतात नि उन्हाळ्यात झडतात. डोळा बघायचा."

मथुरानं बादली उचलली आणि उरलेलं निळं पाणी एका दमात घोडीच्या पाठीवर ओतलं.

दुपारी रघुजी कोयता घेऊन गवताला गेले. तळ्याच्या पलीकडं एचएसआर लेआउट या नव्या वसाहतीचे दगड रोवलेले होते. घरं थोडी आणि रिकाम्या साइट फार, आणि प्रत्येक साइटवर कमरेएवढं गवत. सूर्यकांत शहरात नाल आणायला गेला होता. मथुरानं कोनाड्यातला चिमटा काढला. कमलाबाईचा होता, पायातले काटे काढायचा. पागेत जाऊन तिनं शिंगराचं डोकं काखेत दाबून धरलं.

पहिला केस ओढला तेव्हा शिंगरानं मान झटकली आणि मथुराचं कोपर खांबावर आदळलं. दुसऱ्यांदा तिनं हुलग्यांची मूठ त्याच्या तोंडापुढं धरली. ते खात असताना तिनं सगळे केस काढले, आधी डावा डोळा, मग उजवा. काढलेले केस चुलीत टाकले. जळताना वास आला तेवढाच.

*

संक्रांतीला ती एळ्ळु-बेल्लाचा, तीळगुळाचा डबा घेऊन भावाकडे गेली. जयनगरला चौथ्या ब्लॉकात बिंदुमाधवचं टेलरिंगचं दुकान होतं, ब्लाउज आणि शाळांचे गणवेश. चार मशिनी रस्त्याकडे तोंड करून होत्या. चौथीवर कापड झाकलेलं होतं.

"ही तुझी," बिंदुमाधव म्हणाला. "बस, चालवून बघ. लग्नाआधी तू माझ्यापेक्षा सरळ शिवायचीस."

तिनं कापड काढलं. एका बाईचा ब्लाउज काज-बटणाला आला होता, तो त्यानं दिला. मथुरानं पाय पायट्यावर ठेवला आणि हाताला चाक लागलं तसं तिला बरं वाटलं. बाहेर फुलवाल्या ओरडत होत्या. मागच्या खोलीत नळ होता, बारीक धार का होईना, घरात. तिनं तो उघडून हात धुतले, उगाच.

ब्लाउजवाली बाई आत आली. तिनं मथुराचे हात बघितले.

"अण्णा, हे कोण? स्वल्प बघा हं. रेशीम आहे, डाग पडला तर?"

"माझी बहीण आहे," बिंदुमाधव म्हणाला. "कसला डाग?"

"बोटं निळी आहेत ना."

बिंदुमाधवनं ब्लाउज मथुराच्या हातातून हळूच काढून घेतला आणि दुसऱ्या मशिनीवरच्या माणसाला दिला. बाई गेल्यावर तो म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. इथं आलीस की पंधरा दिवसांत बोटांचे डाग निघतील."

"निघतील ना?"

"निघतात गं. मागं रंगाऱ्याचा पोरगा होता आपल्याकडं, त्याचे निघाले की." त्यानं कात्री बाजूला ठेवली. "पण अक्का, युगादीपर्यंतच. त्यानंतर गणवेशांचं काम सुरू होतं, मशीन रिकामी ठेवता येणार नाही मला. आणि भावोजींना घेऊनच ये. तू एकटी पोरीला घेऊन आलीस तर घरात मी काय सांगू, गल्लीत काय सांगू? तिघं या. म्हातारे येत असतील तर चौघं. त्यांची खाट दुकानात टाकू रात्रीची."

"सरी, बरं," मथुरा म्हणाली. तिनं मशिनीवर कापड परत घातलं आणि चारी कोपरे खाली ओढून नीट बसवले.

*

त्या थंडीत शिंगराच्या अंगावर पांढरं वाढत गेलं. पोटाच्या बाजूला, मांडीवर, शेपटीच्या मुळाशी, पीठ चाळताना उडावं तसं. सूर्यकांतला दिसलं, भव्याला दिसलं, शेवटी रघुजींनाही दिसलं. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हे थंडीचं. हे धरायचं न्हाई." पण त्या दिवशी ते जेवताना बोलत होते. नंतर त्यांनी शिंगराचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यापाशी स्वतःचे डोळे नेले, आणि बराच वेळ बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "अजून न्हाई."

मथुरा दाराआड उभी राहून ऐकत होती. तिनं सकाळीच सगळे केस काढले होते.

आता हे रोजचं झालं. एक केस काढला की त्याच्याशेजारी दुसरा दिसे. पांढरे उरले नाहीत असं वाटल्यावर ती राखाडी काढू लागली, आणि कधी घाईत काळेही निघत. शिंगराला ते कळू लागलं. मथुरा हुलगे घेऊन आली की आधी ते जवळ यायचं, मग चिमटा दिसला की मान उंच करायचं. ती म्हणायची, "थांब. स्वल्प थांब, माझी बाय. माझ्यासाठी थांब." डोळ्याखालची कातडी लाल झाली, मग तिच्यावर बारीक खपल्या धरल्या. रघुजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली माश्या बसतात, आणि त्यांनी कडुनिंबाचं तेल लावायला सांगितलं. तिनं लावलं.

माघात त्रिविक्रमप्पा येऊन गेले. सर्जापूर रोडवर पुढं त्यांचं शेत होतं आणि शेतावर पोरांना घोड्यावर बसायला शिकवायची शाळा. बूट घालून ते पागेत शिरले आणि शिंगराभोवती फिरले.

"रघुजी, हा रंग ठेवा," ते हसत म्हणाले. "मला डार्कच पाहिजे. पांढरं पोरं मळवतात."

"रंग ठेवणं माझ्या हातात हाय का?" रघुजी म्हणाले.

"युगादीनंतर मी थांबणार नाही बघा. दुसरीकडे एक घोडी बघून ठेवलीय."

मथुरानं त्यांना ताक आणून दिलं. ते पिताना ते म्हणाले, "अक्का, तुम्ही हिची फार काळजी घेता वाटतं. अंगाला हात लावला तर तुमच्याकडे बघते." मथुरानं रिकामा पेला उचलून आत नेला.

त्याच आठवड्यात चंद्रीला एक लग्न मिळालं. सूर्यकांत पहाटे गेला आणि दुपारी उन्हात तिला चालवत परत आला. झूल काढताना त्याच्या सदऱ्यावर मानेपाशी काहीतरी वाळलेलं दिसत होतं.

"काय ते?"

"शरबत. नवऱ्याच्या मित्रांनी ओतलं. म्हणाले, घोडा नाचवा. म्हातारी हाय, नाचत न्हाई म्हटलं. मग म्हणाले, तू नाच."

"मग?"

सूर्यकांत घोडीच्या पोटाखाली वाकून पट्टा सोडत होता. "नाचलो थोडा," तो म्हणाला.

मथुरानं सदरा धुतला. डाग निळीनं गेला.

*

शिवरात्रीनंतर ऊन वाढलं आणि केस झडायला लागले. पहिल्या दिवशी खराऱ्यात मूठभर आले, मग रोज टोपलीभर. पागेच्या दारात, अंगणात, भव्याच्या वेणीत, भाकरीच्या पिठात सगळीकडं केस. साळुंक्या येऊन चोचीत भरून घरट्याला नेत. मथुरा पदर नाकाला बांधून खरारा चालवायची. झडणाऱ्या केसांत पांढरे होते ते सगळे येत होते. मांडीवरचे, पोटावरचे, शेपटीच्या मुळाशी होते ते. त्यांच्याखाली नवे केस आखूड होते, तुकतुकीत होते, आणि पिकलेल्या जांभळासारखे काळे-तांबडे होते. एकसारखे. तिनं उलट्या बाजूनं बोटं फिरवून मुळाशी बघितलं. एकही पांढरा नव्हता.

ती पागेतच खाली बसली. गवतावर, भिंतीला टेकून. हसू आलं ते तिनं दाबलं नाही. शिंगरानं येऊन तिच्या डोक्यावरचा पदर हुंगला.

त्या दिवसापासून तिनं चिमटा कोनाड्यात ठेवून दिला. आता गरज नव्हती. मनातल्या मनात तिनं ट्रंकेत काय जाईल, काय भागूबाई शेजारणीला द्यायचं ते ठरवलं. एकदा रघुजींनी विचारलं, "त्या खोलीला खिडकी हाय का गं?"

"दुकानाकडं हाय, मामंजी. रस्ता दिसतो."

"रस्ता दिसतो," ते म्हणाले. "बरं हाय." आणि त्यांनी तेल लावलेले लगाम एकात एक गुंतवून पिशवीत भरायला घेतले, विकायचे म्हणून.

डोळ्याखालच्या खपल्या पडल्या तेव्हा तिथं गुलाबी कातडी निघाली. मथुरानं तिकडं लक्ष दिलं नाही. युगादी आठवड्यावर आली असताना एका सकाळी शिंगराचं तोंड पुसताना तिच्या बोटांना काहीतरी टोचलं, दाढी करून दुसऱ्या दिवशी हात फिरवल्यासारखं. तिनं तोंड उजेडाकडे वळवलं.

दोन्ही डोळ्यांभोवती नवे केस फुटत होते. दाट, आखूड, आणि पांढरे. पापणीच्या कडेपासून गालाच्या हाडापर्यंत, ती जिथं जिथं चिमटा लावत होती नेमक्या तेवढ्याच जागेत. काळ्या तोंडावर ते चष्म्यासारखे दिसत होते.

तिला नाकावरची मोरकीची खूण दिसली. तोच पांढरा रंग, तसाच जाड केस. दोरीचं पांढरं निराळं. तिनं चिमटा आणला. केस इतके आखूड होते की पकडीत येईनात. शिंगरू मान उंच करून मागं सरलं, भिंतीला लागलं, आणि तिथं उभं राहून थरथरू लागलं. मथुरानं चिमटा खाली टाकला.

केस काढले नसते तर उन्हाळ्यात बाकीच्यांबरोबर तेही झडले असते. थंडीचे होते. ही गोष्ट तिच्या मनात सरळ, पूर्ण आली आणि तिथंच बसली. दिवसभर ती पाणी ओढत होती, लीद काढत होती, भाकऱ्या थापत होती, आणि ती गोष्ट हलली नाही.

*

सूर्यकांत तळ्याच्या बांधावर गवताचा भारा बांधत होता. मथुरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. चिमटा, हुलगे, माश्या बसतात म्हणून बोललेलं खोटं. बोलताना ती त्याच्याकडं न बघता भाऱ्याच्या दोरीकडं बघत होती.

त्यानं गाठ मारली, भाऱ्यावर गुडघा दाबला, दुसरी गाठ मारली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. चिमट्याला केस चिकटले होते."

"मग बोलला का न्हाई अवो?"

"काय बोलणार? तुला थांबवलं असतं तर तू म्हणाली असतीस, आप्पांची बाजू घेतोय. आप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी तुला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. घोडीच्या अंगाचा केस उपटला म्हणजे त्यांच्या लेखी घराचं वाईट चिंतलं." तो भाऱ्यावर बसला. "म्हटलं, तुमच्या दोघांतलं कुणाचं तरी होऊ दे. मला ठरवायला नको."

"तुमचं काय?"

"माझं काय. मला ऑटो चालवता येतो."

"मी ते विचारत न्हाई. तुम्हाला यायचंय का जयनगरला?"

सूर्यकांत तळ्याकडं बघत होता. पाणी आटून कडेला चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे उभे होते. त्यानं गवताची काडी दातात धरली, मोडली, टाकली.

"लहानपणापासून घोड्याच्या पुढं चालतोय मी, मथुरे," तो शेवटी म्हणाला. "नाचायला लावतात, ते एक सोड. पण लगाम हातात असला की मला कळतं मी कुठं चाललोय. तिथं शहरात रोज सकाळी कुणी सांगणार, इकडं चल, तिकडं चल."

"मामंजींना सांगूया? तुम्ही सोबत उभे राहा. मी बोलते."

"तू सांग, तुला सांगायचंच असंल तर," तो म्हणाला. "मी न्हाई म्हणणार न्हाई. हो पण म्हणणार न्हाई."

त्यानं भारा डोक्यावर घेतला. मथुरानं सवयीनं मागून हात लावून दिला.

*

युगादीला दाराला आंब्याची पानं लागली. भव्यानं सगळ्यांच्या हातावर कडुनिंब आणि गूळ ठेवला. न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून रघुजी अंगणात आले. लगामांची पिशवी त्यांनी खाटेखाली ठेवली होती. म्हाताऱ्या चंद्रीच्या गळ्यातली घुंगरांची माळ काढून त्यांनी ती हातात धरली, आणि सूर्यकांतला सांगितलं, "आण तिला उन्हात."

सूर्यकांतनं शिंगराला आणलं. ऊन अंगावर पडलं तसं ते जांभळासारखं चमकलं. रघुजींनी मानेपासून सुरुवात केली. हात उलटा फिरवला, बोटांनी केस दुभागले, मुळाशी बघितलं. खांदा, पाठ, पोट, मांडी. दुसऱ्या बाजूला गेले. त्यांचा हात शेपटीच्या मुळाशी थांबला.

"काळंच हाय," ते म्हणाले.

त्यांनी घुंगरांची माळ खाली, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मथुराला वाटलं, आता बस. आता त्यांनी आत जावं.

"तोंड दाखव," रघुजी म्हणाले.

सूर्यकांतनं लगाम आखडून धरला. त्यानं तोंड उन्हाकडे वळवलं नाही, पण बाजूलाही वळवलं नाही. रघुजींनी स्वतःच दोन्ही हातांनी ते आपल्याकडे ओढलं. त्यांचा अंगठा डोळ्याखालून फिरला, एकदा आणि परत एकदा, आणि मग दुसऱ्या डोळ्याखालून. त्यांचे ओठ हलत होते.

"भव्या, इकडं ये. तुझे डोळे चांगले हायत. काय दिसतं इथं?"

"पांढरं," भव्या म्हणाली. "गोल गोल. चष्मा घातलाय."

"चष्मा," रघुजी म्हणाले.

मथुरा पुढं झाली. "मामंजी, घासलं गेलं असंल ते. खपल्या धरल्या होत्या की तिथं."

"डोळ्याजवळ कुठली दोरी गं?" ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "आणि दोन्हीकडं सारखं घासतं व्हय?"

"तेल लावलं होतं मी. तुम्हीच सांगितलं होतं, माश्या—"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. सूर्यकांतचा हात लगामावर होता. तो शिंगराच्या खुरांकडं बघत होता. तिच्या ध्यानात आलं की त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल पडला होता. पहाटे लवकर उठावं लागणार नाही असं कळल्यावर माणसाचा पडतो तसा.

"अंग अजून काळं हाय, ते असू दे," रघुजी म्हणत होते. "हिच्या आईचं पण पहिल्या वर्षी तसंच होतं. पुढच्या थंडीनंतर मानेवर येईल. त्याच्या पुढच्या वर्षी पाठीवर. घाई करायची न्हाई. सहा-सात वर्षं लागतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "तुझी सासू असती तर तिनं आधी बघितलं असतं. चल, मथुरा. नाव सांग."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. सुनेनं पदर डोक्यावर घेऊन घोडीच्या उजव्या कानात तीनदा नाव सांगायचं, घोडीला ऐकू जाईल आणि बाकी कुणाला जाणार नाही इतपत. मथुरानं पदर घेतला. शिंगरानं तिला जवळ येताना पाहिलं आणि मान उंच केली. मग तिच्या हातात चिमटा नाही हे बघून हळूहळू खाली आणली.

इतक्या जवळून एकेक केस दिसत होता. तो आपणच आणलाय हे तिला प्रत्येकाकडं बघून सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी मानेवर काही येणार नव्हतं. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. म्हातारा दर युगादीला उन्हात हात उलटा फिरवणार होता आणि म्हणणार होता, घाई करायची नाही.

कान गरम होता. त्यातले बारीक केस तिच्या ओठांना लागले. तिनं नाव सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. दुसरं काही तिला सुचलं नाही.

घोडीनं कान झटकला.

"ऐकलं तिनं," रघुजी म्हणाले आणि घुंगरांची माळ तिच्या गळ्यात बांधली. भव्यानं टाळ्या वाजवल्या. म्हातारी चंद्री गळा मोकळा घेऊन पागेच्या दारात उभी होती.

सूर्यकांत कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातून बिंदुमाधवला कळवायला निघाला. "काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगा, मशीन दुसऱ्याला द्या," मथुरा म्हणाली.

तो गेला. रघुजींनी खाटेखालची पिशवी ओढून लगाम एकेक करून बाहेर काढले आणि खुंटीला अडकवायला सुरुवात केली. मथुरा खरारा घेऊन पागेत वळली, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणि मथुरा, चंद्रीच्या डोळ्याभोवती खरारा लावू नको आता. मऊ फडकं घे. ते केस जप."

"सरी, मामंजी."

तिनं खरारा खाली ठेवला. जुन्या लुगड्याचं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली.